यमुना सरकली तेव्हा

1955 च्या पावसाळ्यात यमुनेला मोठा पूर आला. पूर ओसरला तेव्हा नदी आपल्या जुन्या जागी राहिली नव्हती. दिल्लीच्या उत्तरेला वजीराबाद इथे शहरासाठी पाणी उचललं जाई. तिथला मुख्य प्रवाह पात्रातल्या पात्रात सरकून लांब गेला आणि पंपांच्या तोंडाशी पाणी मंदावलं. त्याच जागेच्या थोडं खाली नजफगढ नाला यमुनेला मिळतो. एके काळी ती साहिबी नावाची नदी होती. शहर वाढत गेलं तशी ती सांडपाण्याची वाट झाली. यमुनेला ओढ होती तोवर नाल्याची घाण नदीबरोबर खाली निघून जायची. ओढ संपली आणि नाल्याचं पाणी उलट्या दिशेनं, पंपांकडे सरकू लागलं. नंतर झालेल्या तपासात असा अंदाज निघाला, की नोव्हेंबरातल्या काही दिवसांत उचललेल्या पाण्यापैकी अर्ध्यापर्यंत सांडपाणी असावं.

दिल्ली तेव्हा आधीच ओसंडून चालली होती. 1941 च्या जनगणनेत साधारण 9 लाखांचं असलेलं हे शहर 1951 मध्ये साडेसतरा लाखांजवळ पोचलं होतं. फाळणीनंतर आलेली निर्वासित कुटुंबं छावण्यांत, नव्या वसाहतींत, मिळेल त्या आडोशाला राहत होती. पाण्याचे नळ, गटारं, शुद्धीकरणाची यंत्रणा मात्र निम्म्या शहराच्या हिशेबानं बांधलेली. राजधानी म्हणून मिरवणाऱ्या शहराच्या पोटात असा जुना संसार चालला होता.

वजीराबादच्या कर्मचाऱ्यांना पाणी बिघडल्याचं कळलं नाही असं नाही. वासावरून, गढूळपणावरून आणि चाचण्यांवरूनही ते कळलं. त्यांनी तुरटी वाढवली आणि क्लोरीनचा मारा नेहमीपेक्षा कितीतरी जास्त केला. आणि त्याचा उपयोग झाला, हे आधी कबूल करायला हवं. इतकी घाण पोटात जाऊनही दिल्लीत विषमज्वराची साथ आली नाही. हगवणीनं माणसं पटापट आजारी पडली नाहीत. जिवाणू मेले होते. त्या वेळच्या कसोट्यांप्रमाणे पाणी पिण्याजोगं होतं. त्या कसोट्यांना जे दिसत नव्हतं तेही त्याच नळातून घरोघर पोचलं होतं, हे कळायला काही आठवडे जावे लागले.

डिसेंबर लागला आणि माणसं पिवळी दिसू लागली.

आधी अन्नावरची वासना जायची, मळमळ, बारीक ताप, अंगात शीण. मग लघवी गडद व्हायची आणि त्यानंतर डोळ्यांचे पांढरे भाग पिवळे. साथ डिसेंबरात वेगानं चढली आणि जानेवारी 1956 सरता सरता ओसरली, सगळी मिळून जेमतेम सात आठवडे. तेवढ्या काळात कावीळ झालेल्यांची संख्या सुमारे 29,300 होती असा अंदाज पुढे मांडला गेला. ज्यांना लागण झाली पण डोळे पिवळे झाले नाहीत, ते वेगळेच. पाण्यातून आलेल्या काविळीची एवढी मोठी, एवढ्या नेटकेपणानं नोंदलेली साथ तोपर्यंत जगात कुणी पाहिली नव्हती. डॉक्टरांनी तारखा मागे मोजत नेल्या. पाणी बिघडल्यापासून कावीळ दिसेपर्यंत सरासरी 40 दिवसांच्या आसपास लागत होते. म्हणजे लोक दवाखान्यात येऊ लागले, तोवर ज्या पाण्यानं त्यांना आजारी केलं ते केव्हाच वाहून गेलं होतं. आता नळाखाली बाटली धरून काही सापडणार नव्हतं.

तपासाचं मुख्य काम डॉ. आर. विश्वनाथन यांनी केलं. हे खरं तर छातीच्या विकारांचे डॉक्टर, दिल्लीच्या वल्लभभाई पटेल चेस्ट इन्स्टिट्यूटचे प्रमुख. यकृत हा त्यांचा प्रांत नव्हता. तरी त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घरोघरची पाहणी, वयाप्रमाणे आकडे, वस्तीप्रमाणे आकडे, पाण्याच्या नोंदी असा पसारा जमवला आणि 1957 साली ‘इंडियन जर्नल ऑफ मेडिकल रिसर्च’नं या साथीवर स्वतंत्र पुरवणीच काढली. साथरोगांवरच्या आपल्याकडच्या लेखनात ही पुरवणी फार वरच्या जागी ठेवावी अशी आहे. तिच्यातला निष्कर्ष चुकला होता. पण तिच्यात जे लिहून ठेवलं होतं ते इतकं प्रामाणिक होतं, की तेवीस वर्षांनी तो निष्कर्ष खोडला गेला तेव्हा त्याच नोंदी कामी आल्या.

निष्कर्ष काय होता? तर ही ‘संसर्गजन्य कावीळ’, म्हणजे ज्याला आज आपण हिपॅटायटिस ए म्हणतो तो आजार. तेव्हाच्या कुणीही हेच म्हटलं असतं, आणि ते का, हे समजायला थोडं मागं जावं लागतं.

कावीळ माणसाला प्राचीन काळापासून माहीत आहे. चरकसंहितेत कामला आहे, ग्रीक वैद्यांच्या लिखाणात आहे. पण कावीळ हा आजार नव्हे, ती खूण आहे. रक्तातल्या जुन्या तांबड्या पेशी रोज मोडत असतात. त्यांच्यातल्या हिमोग्लोबिनपासून बिलिरुबिन नावाचं पिवळं द्रव्य तयार होतं. यकृत ते रक्तातून उचलतं, पाण्यात विरघळेल असं करतं आणि पित्तावाटे आतड्यात सोडतं. आपल्या विष्ठेला रंग येतो तो त्यातूनच. यकृताच्या पेशी सुजल्या की हे काम रखडतं. रक्तातलं बिलिरुबिन एरवी दर डेसिलिटरला एका मिलिग्रॅमच्या आसपास असतं. ते दोन-तीनच्या वर गेलं की आधी डोळ्यांत आणि मग कातडीत दिसतं. एकोणिसाव्या शतकात जर्मनीच्या रुडॉल्फ फिरकोसारख्या मोठ्या विकृतिशास्त्रज्ञाची समजूत होती, की पित्तनलिकेच्या तोंडाशी शेंबडासारख्या चिकट द्रव्याचा बोळा बसतो आणि पित्त अडतं. या समजुतीनं काविळीला जे नाव दिलं ते पुढं कित्येक दशकं वैद्यकाच्या पुस्तकांत टिकलं. यकृतच आजारी आहे आणि तो आजार एकाकडून दुसऱ्याकडे जाऊ शकतो, हे पटायला फार वेळ लागला.

ते पटवलं ते काही अपघातांनी. 1883 साली जर्मनीतल्या ब्रेमेन इथल्या जहाजकारखान्यातल्या 1,289 कामगारांना देवीची लस टोचली गेली. ती माणसाच्या लसिकेपासून केलेली होती. पुढच्या काही महिन्यांत त्यांतल्या 191 जणांना कावीळ झाली. इतर कामगारांना झाली नाही. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्याला पीतज्वराची लस दिली गेली, तिच्यात माणसाच्या रक्ताचा द्रव मिसळलेला होता. 1942 मध्ये सुमारे 50,000 सैनिक कावीळ होऊन रुग्णालयात पडले. रक्तातून जाणारी कावीळ वेगळी आणि खाण्यापिण्यातून जाणारी वेगळी, हे आता उघड झालं. 1947 साली ब्रिटिश संशोधक मॅक्कॅलम यांनी त्यांना ए आणि बी अशी अक्षरं सुचवली. विषाणू कुणी पाहिले नव्हते, पण कप्पे तयार झाले. पाण्यातून आली तर ए, सुई किंवा रक्तातून आली तर बी. तिसऱ्या कप्प्याची कुणाला गरज वाटली नव्हती.

1955 ची दिल्ली उघडच पाण्याची साथ होती. म्हणून ए. पुढची वीस-पंचवीस वर्षं जगभरच्या पाठ्यपुस्तकांत पाण्यातून पसरणाऱ्या हिपॅटायटिस एचं ठळक उदाहरण म्हणून दिल्लीची साथ दिली जात होती.

पुरवणीतल्या नोंदींत मात्र दोन गोष्टी टोचत राहतात. एक वयाची. आजारी पडलेल्यांत मोठा भरणा तरुण आणि प्रौढ माणसांचा होता, पंधरा ते चाळिशीच्या आतबाहेरचा. लहान मुलं तुलनेनं सुटली होती. खाण्यापिण्यातून पसरणारा, सगळ्यांना सारखाच नवा असलेला आजार असा मुलांना का वगळेल? दुसरी गोष्ट याहून गंभीर होती. या काविळीत मरणारे एकूण फार थोडे होते, शेकड्यात एखादा. पण गरोदर स्त्रियांत मृत्यू कितीतरी पटींनी जास्त होते. दिल्लीच्या डॉक्टरांना हे इतकं जाणवलं, की पुरवणीत गरोदरपणातल्या काविळीवर वेगळा लेख आहे. युरोप-अमेरिकेत हिपॅटायटिस ए झालेल्या गरोदर बायका अशा मरत नव्हत्या. याचा अर्थ कुपोषण, ॲनिमिया, वेळेवर उपचार न मिळणं असा लावला गेला. गरीब देशातल्या बायका, त्यांची प्रकृतीच नाजूक, असं म्हणून प्रश्न मिटला. मला वाटतं, या सगळ्या इतिहासातली खरी चूक ती हीच. सगळ्यात मोठा पुरावा समोर होता आणि त्याला बायकांच्या गरिबीचं स्पष्टीकरण देऊन बाजूला ठेवलं गेलं. विषाणू पाहायला यंत्र नव्हतं, हे खरं. पण शंका घ्यायला यंत्र लागत नाही.

शंका घेण्याची सोय 1973 नंतर झाली. त्या वर्षी अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत फाइनस्टोन, कापिकियन आणि पर्सेल या तिघांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली हिपॅटायटिस एचा विषाणू रुग्णांच्या विष्ठेत पाहिला. बीचा धागा बारूख ब्लुमबर्ग यांना आधीच सापडला होता, ऑस्ट्रेलियातल्या एका आदिवासी माणसाच्या रक्तात. 1976 मध्ये त्यांना नोबेल मिळालं. आता दोन्ही आजारांसाठी रक्ताच्या चाचण्या करता येऊ लागल्या. आणि पहिल्यांदाच लक्षात आलं, की रक्त दिल्यानंतर होणाऱ्या बऱ्याच काविळी ना ए आहेत ना बी. त्यांना नाव काय द्यायचं हे न कळल्यानं ‘नॉन-ए नॉन-बी’ असंच म्हटलं जाऊ लागलं. पण ते रक्तातून जाणारं प्रकरण होतं. पाण्याच्या साथींकडे अजून कुणी वळून पाहिलं नव्हतं.

ते पाहिलं पुण्यानं.

पुण्यात रॉकफेलर फाउंडेशन आणि भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद यांनी मिळून 1952 साली व्हायरस रिसर्च सेंटर सुरू केलं होतं. 1978 मध्ये त्याचं नाव राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था, म्हणजे आपल्या सगळ्यांच्या तोंडी असलेलं ‘एनआयव्ही’ झालं आणि त्याच सुमारास खोर्शेद पावरी या संस्थेच्या पहिल्या महिला संचालक झाल्या. संस्थेतले एम. ए. श्रीनिवासन आणि त्यांचे सहकारी काविळीच्या साथींच्या मागावर होते. 1975-76 मध्ये अहमदाबादला मोठी साथ झाली. 1978-79 मध्ये खुद्द पुण्यात झाली. या दोन्ही साथींतल्या रुग्णांचे रक्तनमुने हाताशी होते. आणि तिसरा संच होता दिल्लीचा. 1955-56 च्या साथीतल्या रुग्णांचा रक्तद्रव इतकी वर्षं गोठवून जपलेला होता.

अमेरिकेतल्या पर्सेल यांच्या प्रयोगशाळेबरोबर हे तिन्ही संच तपासले गेले. निकाल 1980 साली ‘लॅन्सेट’मध्ये आला आणि त्यानं पाव शतकाची समजूत मोडली. दिल्लीचे रुग्ण हिपॅटायटिस एचे नव्हते. अहमदाबादचे नव्हते. पुण्याचेही नव्हते. या लोकांच्या रक्तात एविरुद्धची प्रतिपिंडं आजाराच्या आधीपासूनच होती.

यातून एक सोपी गोष्ट समोर आली, जी आता वाटते तितकी तेव्हा सोपी नव्हती. आपल्याकडे हिपॅटायटिस ए बहुतेकांना लहानपणीच होऊन जातो. मुलांत तो फारसा दिसतही नाही. दोन दिवस पोट बिघडलं, ताप आला आणि गेला, डोळे पिवळे झालेच असं नाही. त्यानंतर माणूस जन्मभर सुरक्षित राहतो. त्यामुळे दिल्लीतल्या तीस वर्षांच्या माणसाला एची साथ लागणं जवळजवळ अशक्यच होतं. स्वच्छ देशांत एचा पहिला संसर्ग मोठेपणी होतो म्हणून तिथं प्रौढ आजारी पडतात. तिथल्या पुस्तकांतून आलेलं चित्र आपण आपल्या शहरावर लावून बसलो होतो. मुलं सुटली आणि मोठे अडकले, हे दिल्लीचं कोडं याच नोंदीत अर्धं उलगडलं होतं. हा दुसराच कुणी तरी होता आणि मोठी माणसं त्याला पहिल्यांदाच भेटत होती.

हे चाललं होतं त्याच सुमारास काश्मीरमध्ये एक तरुण पोटविकारतज्ज्ञ बर्फातून गावोगाव फिरत होता. डॉ. मोहम्मद सुलतान खुरू. नोव्हेंबर 1978 मध्ये गुलमर्गच्या परिसरातल्या गावांतून काविळीचे रुग्ण श्रीनगरला येऊ लागले आणि त्यांत शुद्ध हरपलेल्या गरोदर बायका होत्या. खुरू दवाखान्यात थांबले नाहीत. ज्या गावांतून हे रुग्ण येत होते ती निंगली नाल्याच्या काठची होती. प्यायला, धुवायला, सगळ्याला तोच नाला. त्यांनी घरोघर मोजणी केली, किती माणसं, किती पिवळी, त्यांत बायका किती, गरोदर किती, कितव्या महिन्यात. दिल्लीत जो प्रश्न बाजूला ठेवला गेला होता तोच त्यांनी मध्यभागी आणून ठेवला.

1981 मध्ये छापून आलेले त्यांचे आकडे आजही वाचताना थांबायला लावतात. त्यांनी पाहिलेल्या 208 गरोदर स्त्रियांपैकी 36 जणींना कावीळ झाली होती, म्हणजे 17.3 टक्के. गरोदर नसलेल्या स्त्रियांत हे प्रमाण 2.1 टक्के होतं, पुरुषांत 2.8. आणि त्या 36 पैकी 8 जणींचं यकृत पूर्ण कोसळलं. गरोदर नसलेल्या आजारी बायकांत असं एकीचंही झालं नव्हतं. त्याच गावातल्या बायका, तेच पाणी, तेच अन्न, तीच गरिबी. कुपोषणाचं स्पष्टीकरण इथं उभंच राहू शकत नव्हतं. फरक होता तो फक्त पोटातल्या बाळाचा. खुरू यांनी त्याआधी, 1980 मध्येच, लिहून टाकलं होतं की हा माणसात आजार करणारा आणखी एक वेगळा विषाणू असावा.

यकृत कोसळतं म्हणजे काय होतं, हे इथंच सांगायला हवं. यकृत हे शरीरातलं सगळ्यात मोठं आतलं इंद्रिय, दीड किलोच्या आसपासचं. काविळीचा विषाणू यकृताच्या पेशींत शिरून वाढतो, पण बहुतेक वेळा पेशी मारतो तो विषाणू नाही. लागण झालेल्या पेशी ओळखून त्यांच्यावर तुटून पडते ती आपलीच प्रतिकारशक्ती. पेशी फुटल्या की त्यांच्यातली विकरं रक्तात सांडतात. त्यांतलंच एक विकर म्हणजे एसजीपीटी; रिपोर्टमध्ये ते हजारांत गेलेलं दिसतं ते त्यामुळे. एरवी हे भांडण दोन-चार आठवड्यांत मिटतं, कारण यकृत नव्या पेशी तयार करण्यात पटाईत आहे. पण कधी कधी पेशी मरण्याचा वेग त्यापुढे निघून जातो. मग रक्त गोठवणारी प्रथिनं बनायची थांबतात. अमोनियासारखी विषारी द्रव्यं रक्तातच राहतात आणि मेंदूवर परिणाम करतात. आधी झोपेची वेळ उलटते, मग बडबड, मग गुंगी, मग बेशुद्धी. गरोदर बाईच्या बाबतीत यात बाळंतपणाची भर पडते. रक्त गोठत नसताना प्रसूती झाली तर रक्तस्राव आवरत नाही. बाळही अनेकदा वाचत नाही. गर्भारपणातच हा विषाणू इतका माजतो याचं कारण संप्रेरकांतले आणि प्रतिकारशक्तीतले बदल, इतपत दिशा सापडली आहे. पूर्ण उलगडा अजून झालेला नाही.

एवढं सगळं कळलं तरी विषाणू कुणी पाहिला नव्हता. तो पाहण्याची गोष्ट सोव्हिएत रशियात घडली आणि ती ऐकायला जरा किळसवाणी आहे. मॉस्कोच्या पोलिओ संस्थेत मिखाईल बालायान नावाचे संशोधक होते. अफगाणिस्तानात लढणाऱ्या सोव्हिएत सैनिकांत काविळीची साथ आली होती. बालायान यांनी 9 रुग्णांच्या विष्ठेचा अर्क केला आणि तो दह्यातून स्वतः प्यायले. गोष्ट दोन तऱ्हांनी सांगितली जाते. एका सांगण्याप्रमाणे हा ठरवून केलेला प्रयोग होता; दुसऱ्याप्रमाणे ताश्कंदहून नमुने थंड ठेवून मॉस्कोला नेण्याची सोय नव्हती, म्हणून त्यांनी स्वतःच्या पोटातूनच ते नेले. दुसरी गोष्ट जास्त रंगतदार आहे, म्हणूनच मी तिच्यावर थोडा कमी विश्वास ठेवतो. दोन्हींत समान गोष्ट ही, की बालायान यांना हिपॅटायटिस ए पूर्वी होऊन गेला होता, त्यामुळे आता जे होईल ते ए नसणार हे पक्कं होतं. छत्तिसाव्या दिवशी ते आजारी पडले. आपल्याच विष्ठेत इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली त्यांना 27 ते 30 नॅनोमीटरचे गोल कण दिसले. 1983 मध्ये हे प्रसिद्ध झालं. आज कुठल्याही नीतिसमितीनं असल्या प्रयोगाला परवानगी दिली नसती, आणि न देण्यातच शहाणपण आहे.

पुण्याची मंडळी फार मागं नव्हती. 1981 मध्ये कोल्हापुरात पाण्यातून काविळीची मोठी साथ झाली. एनआयव्हीच्या पथकानं तिचा पद्धतशीर अभ्यास केला, आणि 1984 मध्ये श्रीनिवासन, विद्या अरणकल्ले, सहगल आणि पावरी यांनी साथीतल्या रुग्णांच्या विष्ठेत तसेच कण पाहिल्याचं जाहीर केलं. अरणकल्ले यांनी पुढं माकडांवरच्या प्रयोगांतून कण आणि आजार यांचा संबंध पक्का केला. 1988 मध्ये तो ‘लॅन्सेट’मध्ये आला. पंचगंगेकाठच्या रुग्णांपासून सुरू झालेलं हे काम त्या विषाणूची ओळख ठरवणाऱ्या मोजक्या कामांत मोजलं जातं. आपल्याकडे किती कोल्हापूरकरांना हे माहीत असेल, शंका आहे.

शेवटचा टप्पा अमेरिकेतला. 1990 मध्ये जेनलॅब्ज या कंपनीतल्या रेयेस आणि त्यांच्या गटानं, अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्रातल्या डॅनियल ब्रॅडली यांच्यासह, ब्रह्मदेशातल्या रुग्णांकडून मिळालेल्या विषाणूचा जनुकीय तुकडा वेगळा केला. आता त्याला हिपॅटायटिस ई हे नाव पक्कं झालं. त्याच्या आदल्याच वर्षी रक्तातून जाणाऱ्या ‘नॉन-ए नॉन-बी’चा मुख्य गुन्हेगार सापडून त्याला सी हे अक्षर मिळालं होतं. ईची चाचणी तयार झाल्यावर अरणकल्ले आणि सहकाऱ्यांनी जुन्या साथींचे जपलेले नमुने पुन्हा बाहेर काढले. 1994 मध्ये त्यांचा निष्कर्ष आला. भारतातल्या पाण्यातून आलेल्या काविळीच्या ज्या मोठ्या साथी त्यांनी तपासल्या, त्यांतल्या बहुतेक सगळ्या ईच्या होत्या. दिल्लीचीही.

म्हणजे 1955 च्या डिसेंबरात दिल्लीतल्या गरोदर बायका ज्यानं गेल्या, त्याचं नाव कळायला सुमारे चाळीस वर्षं लागली.

आता या अक्षरांत घोटाळा होऊ नये म्हणून एक फरक. ए आणि ई तोंडावाटे येतात, गाजतात आणि बहुधा निघून जातात. अवयवरोपण झालेल्या किंवा प्रतिकारशक्ती दबलेल्या माणसांत ईचे काही प्रकार ठाण मांडतात, पण ते अपवाद. बी आणि सी मात्र रक्तातून, सुईतून, आईकडून बाळाला, बीच्या बाबतीत शरीरसंबंधातूनही येतात आणि वीस-तीस वर्षं काही न बोलता यकृतात राहू शकतात. हळूहळू यकृत निबर होत जातं, सिरॉसिस होतो, काहींना कर्करोग. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे 2022 मध्ये भारतात 2 कोटी 98 लाख लोकांना बीचा आणि 55 लाखांना सीचा जुना संसर्ग होता. त्यांतल्या बहुतेकांचे डोळे कधीच पिवळे झालेले नसतात. बीवर लस आहे, सीवर बरं करणाऱ्या गोळ्या आहेत. त्यांची कथा वेगळी आणि लांब आहे.

ई निघून जातो म्हणूनच त्याच्याभोवती आपल्याकडे एक अख्खा व्यवसाय उभा राहिला. चुन्याच्या निवळीत हात धुवून पाणी पिवळं करून दाखवणारे, डोक्यावर माळ ठेवून ती लांबत गळ्यात आली की कावीळ उतरली म्हणणारे, नाकात देवडांगरीचे थेंब टाकणारे, दंडावर डाग देणारे. शंभरातली नव्व्याण्णव माणसं काहीही न करता बरी होणार असतील तर प्रत्येक उपायाचा गुण येतोच. माळ घातली तरी येतो, न घातली तरी येतो. उरलेल्या एकाचं काय झालं हे माळ देणाऱ्याच्या दारात कुणी सांगायला परत जात नाही.

दिल्लीनं जगाला दिलेला धडा पाणीपुरवठ्याच्या अभियंत्यांनी घेतला, निदान पुस्तकात. गढूळ पाण्यात कितीही क्लोरीन ओतला तरी तो आधी त्या घाणीशीच लढण्यात संपतो. पाणी आधी नितळ हवं, आणि शेवटच्या नळापर्यंत मोकळा क्लोरीन शिल्लक राहायला हवा. पण नदी आणि नाला यांचं नातं बदललं नाही. 1991 मध्ये कानपुरात गंगेच्या पाण्यातून हिपॅटायटिस ईची साथ आली आणि सुमारे 79,000 माणसं पिवळी पडली, म्हणजे दिल्लीच्या अडीचपटीहून जास्त. कोल्हापूरच्या साथीनंतर एकतीस वर्षांनी, 2012 मध्ये, त्याच पंचगंगेकाठच्या इचलकरंजीत काविळीनं पुन्हा माणसं नेली. 2015-16 च्या हिवाळ्यात सिमल्यात सांडपाणी पिण्याच्या पाण्याच्या उगमात मिसळलं आणि तीच गोष्ट डोंगरावर घडली. प्रत्येक ठिकाणी चौकशी झाली. प्रत्येक चौकशीत वजीराबादच होतं, फक्त गावाचं नाव वेगळं.

लसही आहे. नेपाळच्या सैनिकांवर झालेल्या चाचणीत एका लसीनं सुमारे 95 टक्के संरक्षण दिलं. 2007 मध्ये ते प्रसिद्ध झालं आणि ती लस बाजारात कधी आली नाही. ज्यांना ती हवी होती त्यांच्याकडे पैसे नव्हते, हे त्याचं सोपं आणि बहुधा खरं कारण. चीनमध्ये शामेनच्या संशोधकांनी केलेली दुसरी लस लाखाहून अधिक लोकांवर तपासली गेली आणि 2011 मध्ये तिला तिथं परवानगी मिळाली. साथीच्या वेळी ती पहिल्यांदा वापरली गेली 2022 मध्ये, दक्षिण सुदानमधल्या बेन्टिऊच्या विस्थापितांच्या छावणीत. तिथं गरोदर बायकांनाही ती दिली गेली. ज्या देशात या आजाराची पहिली मोठी नोंद झाली आणि ज्या देशानं तो ओळखण्यात एवढा वाटा उचलला, त्या आपल्या देशाच्या लसीकरण कार्यक्रमात ती नाही.

तोवर हातात आहे ते एवढंच. पाणी चांगलं उकळलं तर हा विषाणू मरतो. आणि घरातल्या गरोदर बाईचे डोळे पिवळे दिसले, तर माळेवाल्याकडे, निवळीवाल्याकडे किंवा ‘कावीळ आपोआप जाते’ म्हणणाऱ्या शेजाऱ्याकडे एक दिवसही घालवू नका. त्याच दिवशी तिला अशा रुग्णालयात न्या, जिथं रक्त चढवण्याची आणि अतिदक्षता विभागाची सोय आहे.